काउरी की खरीखुरी मशीन?

परसोडीच्या आयटी पार्कमधला भाचा विचारतो, "मामा, ऑफिसात हनीपॉट, म्हणजे हॅकरला भुलवणारा सापळा लावायचाय. काउरी हे तयार सॉफ्टवेअर घेऊ, की खरं लिनक्सच उघडं ठेवू?"

सोंग लपवण्यात काउरी कच्चा. जुन्या किप्पो या हनीपॉटचा हा वारस पायथनमध्ये लिहिलेला. एसएसएच आणि टेलनेट या दुरून लॉगिन करायच्या सेवांचं नुसतं सोंग करतो. एखादी कमांड अर्धवट वागली, की पाहुणा सावध. त्यात ‘एसव्हीआर०४’ हे काउरीचं मूळ होस्टनेम (मशीनचं नाव) तसंच ठेवणारे महाभाग आहेतच! खरी मशीन इथं चोख.

धोक्याचं मात्र उलट. मूळ मांडणीतल्या काउरीत चोराला खरं शेल, म्हणजे कमांड चालवायची जागा, मिळत नाही. पण त्यातली डब्ल्यूगेट ही कमांड इंटरनेटवरून खरोखरच फाइल ओढते, म्हणजे तुमच्या खांद्यावरून दुसऱ्यावर मारा होऊ शकतो. बाहेर जाणारा ट्रॅफिक आवळा, रूटने (सर्वाधिकार असलेल्या खात्याने) चालवू नका. खऱ्या मशीनवर रूट गेलं, तर स्पॅम तुमच्याच पत्त्यावरून सुटणार आणि नेटवर्क वेगळं नसेल तर शेजारचे सर्व्हरही धोक्यात.

मेहनत? काउरी एका संध्याकाळचं काम. खऱ्या मशीनला बाहेरून पहारा आणि दर घुसखोरीनंतर स्नॅपशॉटवरून (साठवलेल्या स्वच्छ प्रतीवरून) पुन्हा उभारणी.

बॉट (आपोआप हल्ले करणारे प्रोग्राम) आणि त्यांनी वापरलेले पासवर्ड गोळा करायचे तर काउरी पुरे. आत शिरलेला माणूस काय करतो ते पाहायचं, आणि रोज लक्ष ठेवणारा कोणी असेल, तरच खरी मशीन. भाच्याकडे सध्या असा एकच जण आहे: तो स्वतः.