व्हिएतनाममध्ये शेड घ्यायची तर कुठे? बाक निन्ह की बिन्ह युओंग

औद्योगिक वसाहतीच्या फाटकाबाहेर भरतीचे लाल फलक लागलेले असतात. उत्तरेला बाक निन्हमध्ये त्यावरचे शब्द लोक 'तुएन झुंग' असे वाचतात, खाली दक्षिणेला बिन्ह युओंगमध्ये तेच शब्द 'तुएन युंग' होतात. अर्थ एकच, कामगार पाहिजेत. पण मधे सतराशे किलोमीटर रस्ता आहे, आणि उच्चारापेक्षा कितीतरी मोठे फरक आहेत. भोसरी, चाकण, अंबडकडचे मोल्डिंगवाले आणि प्रेसपार्टवाले मला फोन करून "व्हिएतनामला यायचंय" म्हणतात, तेव्हा मी आधी विचारतो, "कुठल्या व्हिएतनामला?"

मी स्वतः प्लास्टिक मोल्डिंगमधला. दोन्हीकडे काम केलं आहे. खाली लिहितोय ते सहा-आठ मशिनपासून सुरुवात करू पाहणाऱ्या छोट्या कारखानदारासाठी. मोठ्या कंपन्यांना सल्लागार परवडतात.

दोन्हीकडचा उद्योग वेगळा का वाढला

1986 मध्ये 'दोई मोई' म्हणजे आर्थिक सुधारणांचं धोरण आलं, पण त्याचा पहिला फायदा दक्षिणेला झाला. व्यापाराची सवय, बंदर, विदेशी मालाची ओळख, सगळं सायगॉनकडे, म्हणजे आताच्या हो ची मिन्ह सिटीकडे होतं. देशातलं पहिलं निर्यात क्षेत्र तान थुआन 1991 मध्ये तिथेच उभं राहिलं. 1996 मध्ये सिंगापूरच्या भागीदारीतली वसाहत बिन्ह युओंगमध्ये सुरू झाली. मग बूट, कपडे, लाकडी फर्निचर, खाद्यप्रक्रिया असे हजार हातांना काम देणारे धंदे तिथे मुरले.

उत्तरेचं चित्र पालटलं ते सॅमसंगमुळे. 2009 मध्ये बाक निन्हच्या येन फोंगमध्ये त्यांचा फोनचा कारखाना सुरू झाला, 2014 मध्ये शेजारच्या थाय न्गुएनमध्ये दुसरा. आज सॅमसंगचे जगभरातले निम्म्याच्या आसपास फोन व्हिएतनाममध्ये बनतात. त्यांच्यामागून कोरियन वेंडर म्हणजे त्यांना भाग पुरवणारे आले. नंतर अमेरिका-चीन व्यापारयुद्ध पेटल्यावर चिनी आणि तैवानी जुळणीवाले आले. भाताची खाचरं होती तिथे आता कोरियन भाषेतल्या पाट्यांची हॉटेलं आहेत.

कागदपत्रं बघताना एक लक्षात ठेवा. 1 जुलै 2025 पासून प्रांतांची संख्या 63 वरून 34 वर आली. बिन्ह युओंग आता कागदोपत्री हो ची मिन्ह सिटीत आहे आणि बाक झांग बाक निन्हमध्ये. लोक जुनीच नावं वापरतात, पण करारावर नवा पत्ता आहे ना ते बघून घ्या.

पार्टी म्हणजे ग्राहक कुठे आहे, यावर अर्धा निर्णय

या देशाच्या वाढीतली एक गोष्ट मला मनापासून टोचते. निर्यातीतला 70 टक्क्यांहून जास्त वाटा विदेशी कंपन्यांचा आहे, पण त्यांना सुटे भाग पुरवणारे स्थानिक कारखाने फार थोडे. जुळणी इथे, भाग चीनचे आणि कोरियाचे. चाळीस वर्षांच्या सुधारणांनंतरही बाक निन्हच्या पोराला लाईनवर स्क्रू लावायचं काम सहज मिळतं, टूलरूममध्ये साचा बनवायचं काम अवघड मिळतं. तुमच्या-माझ्यासारख्या छोट्या पुरवठादाराची जागा नेमकी याच पोकळीत आहे. तिथे दोन स्थानिक पोरं साचा दुरुस्त करायला शिकली, तर त्याचं मोल पगारापेक्षा जास्त आहे असं मी मानतो.

2025 पासून या पोकळीला भावही आला. अमेरिकेने एप्रिलमध्ये व्हिएतनामी मालावर 46 टक्के आयातशुल्काची घोषणा केली, जुलैत ते 20 वर ठरलं, आणि दुसऱ्या देशाचा माल नुसता व्हिएतनाममार्गे पाठवला तर 40 टक्के असं सांगितलं. दर पुढे कसेही हलोत, तेव्हापासून प्रत्येक खरेदी अधिकारी 'हा भाग कुठे बनला' हे कागदावर मागतो. त्यामुळे इथे प्रत्यक्ष बनवणाऱ्याला विचारणा वाढली आहे.

फोन, कॅमेरा मॉड्यूल, प्रिंटर, हेडफोन यांतला भाग बनवत असाल तर तुमची पार्टी उत्तरेला आहे. ती सकाळी नमुना मागते आणि संध्याकाळपर्यंत तिला तो हवा असतो. बिन्ह युओंगमधून हे जमणार नाही, प्रयत्नही करू नका. शिवाय हनोईपासून चीनची हद्द जेमतेम 170 किलोमीटर. साच्याचं पोलाद, हॉट रनर, इन्सर्ट, काहीही अडलं तर ग्वांगदोंगहून ट्रकने लवकर येतं.

फर्निचरच्या फिटिंग, बुटांचे भाग, पॅकेजिंग, घरगुती उपकरणं यांत असाल तर दक्षिण. तिथे ऑर्डर लहान पण पार्ट्या अनेक. एक गेली तर दुसरी मिळते. उत्तरेत एका कोरियन वेंडरवर सगळा धंदा उभा असतो आणि त्याचं मॉडेल बंद झालं की तुमची चार मशिन उभी राहतात.

माणसं

पगाराच्या तक्त्यावर फार वेळ घालवू नका. किमान वेतनासाठी सरकारने भागांचे गट पाडले आहेत. जानेवारी 2026 पासून पहिल्या गटाचं किमान वेतन महिना 53 लाख 10 हजार डोंग आहे आणि दुसऱ्याचं 47 लाख 30 हजार. बिन्ह युओंगचा औद्योगिक पट्टा पहिल्या गटात, बाक निन्हचा बराचसा भाग दुसऱ्यात. हा फरक कागदावरच राहतो, कारण उत्तरेत मोठ्या कंपन्या भत्ते देऊन माणूस ओढतात. तुम्ही त्यांच्याशी पगारात भिडू शकत नाही. वर विम्यापोटी मालकाचे 21.5 टक्के आणि युनियनचे 2 टक्के दोन्हीकडे सारखेच. आपल्याकडचे लोक हिशेब मांडताना हे हमखास विसरतात.

फरक आहे तो माणूस राहतो कुठे, यात. उत्तरेत बरेच कामगार त्याच प्रांतातले किंवा शेजारच्या डोंगराळ भागातले, कंपनीच्या बसने ये-जा करणारे. दक्षिणेत बहुतेक परगावचे, मेकाँगच्या खोऱ्यातले नाहीतर मध्य व्हिएतनामचे. ते 'न्या त्रो'मध्ये राहतात. एका रांगेतल्या दहा-बारा चौरस मीटरच्या खोल्या, दारात दुचाकी, वर पोटमाळा, नवराबायको दोघंही पाळीत आणि मूल गावी आजीकडे. ऑक्टोबर 2021 मध्ये टाळेबंदी उठली तेव्हा मी महामार्गावर उभा होतो. दुचाक्यांच्या रांगा संपतच नव्हत्या. एका गाडीवर नवराबायको, मधे रेनकोटात गुंडाळलेलं पोर, मागे दोरीने बांधलेला भाताचा कुकर. त्यातले बरेच परत आलेच नाहीत. दक्षिणेत शेड घेणार असाल तर कामगारांच्या खोल्यांची सोय पहिल्या दिवसापासून हिशेबात धरा. त्याशिवाय माणूस टिकत नाही, आणि टिकावा अशी अपेक्षाही करू नये.

वीज आणि हवा

वीज हा उत्तरेचा कच्चा दुवा. तिथली भिस्त जलविद्युतवर. मे-जून 2023 मध्ये धरणं आटली आणि वसाहतींना आळीपाळीने वीज बंद झाली. मोल्डिंगवाल्याला हे काय असतं ते सांगायला नको. वीज जाते, प्लास्टिक वितळवणाऱ्या बॅरलमध्ये माल गोठतो, आणि परत आल्यावर पहिले दोन तास त्यातला स्क्रू साफ करण्यात जातात. त्यानंतर मध्य भागातून उत्तरेला 500 केव्हीची 519 किलोमीटरची नवी वाहिनी ऑगस्ट 2024 मध्ये सुरू झाली. परिस्थिती सुधारली आहे, तरी जनरेटरशिवाय मी उत्तरेत मशिन लावणार नाही.

दुसरी गोष्ट कुठल्याच माहितीपत्रकात नसते. फेब्रुवारी ते एप्रिल उत्तरेत 'नोम' येतो. समुद्राकडून ओली हवा सुटते, फरशीला घाम फुटतो, भिंतीवरून पाणी ओघळतं. पहिल्या वर्षी मी शनिवारी तेल न लावता ठेवलेला साचा सोमवारी तांबूस झालेला पाहिला. नायलॉन तर ड्रायरमधून काढून मशिनच्या हॉपरला (माल ओतायच्या डब्याला) जाईपर्यंत पुन्हा ओलावा धरतो. वादळंही तिकडेच जास्त. सप्टेंबर 2024 च्या यागी वादळात हाय फोंग आणि बाजूच्या पट्ट्यात कारखान्यांची छपरं उडाली. दक्षिणेत उन्हाळा आणि पावसाळा, बस्स.

बंदर आणि जागा

दक्षिणेला काय मेपचं खोल पाण्याचं बंदर आहे, तिथून अमेरिकेला थेट जहाजं जातात. उत्तरेला हाय फोंगच्या लाच हुएनमध्ये 2018 पासून मोठी जहाजं लागतात. मुंबईकडे माल आणायचा तर दक्षिण दोन-तीन दिवसांनी जवळ.

जमीन विकत मिळत नाही, दोन्हीकडे साधारण 50 वर्षांच्या मुदतीचा भाडेपट्टा असतो. छोट्याने तयार शेडच भाड्याने घ्यावी. पण सही करण्याआधी अग्निशमनाची मंजुरी तुमच्या धंद्यासाठी आहे का ते बघा. 2022 मध्ये बिन्ह युओंगमधल्या कराओके इमारतीच्या आगीत 32 जण गेले. त्यानंतर तपासणी कडक झाली आणि गोदामाच्या मंजुरीवर मोल्डिंग चालवू देत नाहीत.

मी काय निवडेन

हातात कोरियन किंवा तैवानी वेंडरची लेखी ऑर्डर असेल तर बाक निन्ह, दुसरा विचार नको. ऑर्डर नसताना, ओळखी नसताना पहिल्यांदा बाहेर पडत असाल तर बिन्ह युओंग. जागा थोडी महाग पडेल, पण तिथे चूक सोसायला वाव आहे. इंग्रजी बोलणारा हिशेबनीस मिळतो, जुनी मशिन दुरुस्त करणारा मिळतो, पार्टी बदलता येते. 'आधी उत्तरेत जाऊ, मग ऑर्डर शोधू' म्हणून गेलेले दोघं माझ्या डोळ्यांसमोर वर्षभरात परतले.

पाहणीला यायचं तर तेत म्हणजे चांद्र नववर्ष संपल्यावर दुसऱ्या आठवड्यात या. सुट्टीवर गेलेले किती कामगार परतले ते त्याच दिवसांत कळतं आणि उत्तरेत नोमही सुरू झालेला असतो. एजंटच्या गाडीतून न फिरता सकाळी सात वाजता वसाहतीच्या फाटकावर उभे राहा, भरतीचे फलक मोजा, आणि ज्या शेडचं भाडं ठरवताय तिच्या फरशीला हात लावून बघा.