अशांती ओवारे पट: नक्षी नंतर, आधी खळगे बघा

घानातल्या अशांती लोकांचा हा ओवारे (खळग्यांत बिया पेरायचा दोघांचा खेळ) खेळायचा जुना लाकडी पट. विक्रेत्याच्या चिठ्ठीवर 'एकोणिसावं शतक, राजघराण्यातला' असं लिहिलंय. राजघराण्याचा एकही कागद सोबत नाही, त्यामुळे ते वाक्य विसरून जा. शतकाचंही तसंच आहे, सिद्ध करण्यासारखं काही नाही. पण हा पट खेळून खेळून झिजलेला आहे आणि ती झीज खरी आहे. खरेदीचा निर्णय चिठ्ठीवर नाही, त्या झिजेवर घ्यायचा.

माप 58 सेंमी लांब, 19 रुंद, 16 उंच. वरची पाटी, मधला खांब आणि खालची बैठक, सगळं एकाच ओंडक्यातून काढलेलं, अशांती स्टुलाच्या घाटाचं. खांब वेगळा करून सरसाने चिकटवलेला असेल, तर तो माल अलीकडचा. मधोमध बिजागरी लावून पुस्तकासारखे मिटणारे पटही सरळसरळ पर्यटकांसाठी केलेले. 'ग्ये न्यामे'चं अदिंक्रा चिन्ह (अशांतींच्या पारंपरिक चिन्हांपैकी एक) शिक्का मारल्यासारखं ठळक कोरलेलं दिसलं की बहुधा तीच गत. कुमासीजवळच्या अह्वियातले कारागीर असे पट आजही सुरेख करतात. नवा म्हणून घ्यायला काहीच हरकत नाही, जुन्याच्या भावात मात्र नको.

इथली नक्षी साधी आहे. खांबावर आडव्या खाचा, पाटीच्या कडेला त्रिकोणांची एक ओळ, बस्स. खरं काम खळग्यांत आहे. दोन ओळींत सहा-सहा घरं आणि दोन्ही टोकांना जिंकलेल्या बिया ठेवायची एकेक मोठी वाटी. (ओळीत सात घरं दिसली तर तो बहुधा पल्लांगुळी या अशाच तमिळ खेळाचा पट. जुन्या वस्तूंच्या दुकानांत त्याच्यावर 'आफ्रिकन' अशी चिठ्ठी लागायला वेळ लागत नाही.) घराचा व्यास साडेसहा सेंमी, खोली तीन सेंमीच्या थोडी वर. तळ वाटीसारखा गोल, त्यामुळे चार बोटांनी एका झटक्यात सगळ्या बिया उचलल्या जातात. स्वस्त पटांत तळ निमुळता असतो, तिथे शेवटची बी नखाने उकरावी लागते. डाव लांबला की एका घरात पंधरा-वीस बिया साचतात. उथळ घर असेल तर त्या शेजारच्या घरात घरंगळतात आणि मग वाद. म्हणून पट घेताना एका घरात वीस बिया टाकून बघायच्या. इथे त्या काठाच्या आत राहतात.

आता झीज. खेळणारा आपल्या बाजूने बोटं घालतो, म्हणून प्रत्येक ओळीत खेळाडूकडची कड जास्त गुळगुळीत हवी, मधल्या पट्टीकडची कमी. इथे तसंच आहे. तळाशी वाकसाचे आणि गोल पटाशीचे घाव अजून बोटाला लागतात, काठावर मात्र पार पुसलेत. बनावट पटात कानस किंवा सँडपेपर सगळीकडे सारखा फिरलेला असतो.

काळपटपणा खरा की लावलेला, हे भेगेत कळतं. पाटीच्या एका टोकाकडून 14 सेंमी लांब भेग गेली आहे. टॉर्च मारला तर आत लाकूड फिकट पांढरट दिसतं. म्हणजे वरचा काळा थर आधी चढला, भेग नंतर पडली. बहुधा कोरड्या एसीच्या हवेत. भेगेच्या आतही तोच काळपट रंग असता, तर पट फुटल्यावर रंगात बुडवला असं धरलं असतं. फिकट लाकूड बघून 'हे तर साधंच लाकूड' म्हणून नाक मुरडू नका. अशांती स्टूल ज्या सेसे लाकडाची करतात तेही असंच पांढरट असतं, आणि ते झाड आपल्या कुड्याचं भाऊबंद. व्हाइट स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस तळाशी हलकेच टेकवला, तर त्यावर बूट पॉलिशचा रंग उतरला नाही.

बैठकीवर दोन दुरुस्त्या आहेत. एक लोखंडी टाक्याची: गंज शेजारच्या लाकडात खोल मुरलाय. वस्तू वापरात असताना केलेली ही दुरुस्ती, तिने पटाची किंमत कमी होत नाही. दुसरी मात्र खटकते. एका कोपऱ्याचा उडालेला टवका इपॉक्सीने भरून वर रंग दिलाय. साध्या डोळ्यांना दिसत नाही, अतिनील टॉर्चखाली निळसर पांढरा चमकतो. विक्रेत्याने हे सांगितलेलं नाही, तेव्हा भावात घासाघीस करायला हा मुद्दा वापरा.

खालच्या बाजूला दीड-दोन मिलिमीटरची किड्यांची भोकं आहेत. पांढऱ्या कागदावर पट आठवडाभर ठेवा. ताजा भुसा पडला तर कीड जिवंत. तसं असेल तर जाड पॉलिथिनमध्ये हवाबंद करून उणे 18 ते 20 अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे (फ्रिजच्या वरच्या कप्प्यात हा मावायचा नाही), आणि बाहेर काढल्यावर पिशवी 24 तास उघडायची नाही, नाहीतर थंड लाकडावर दव धरतं. जवसाचं तेल लावू नका. ते चिकट होतं, धूळ धरतं आणि पुढे काढता येत नाही. पावसाळ्यात बुरशी दिसली तर कोरड्या मऊ ब्रशने झटका, ओलं फडकं नको.

सोबत दिलेले गुळगुळीत दगड आधी बाजूला काढा. त्यांनी काठाचे टवके उडतात. घानात ओवारे ज्या बियांनी खेळतात ते आपले सागरगोटेच, तीच वनस्पती. चाळणीने सारख्या आकाराचे 48 निवडा, पाच-सहा जास्तीचे ठेवा. हलके, कडक, आणि घरात पडताना टक्‌ असा नेमका आवाज.

खेळ असा: सुरुवातीला प्रत्येक घरात चार बिया. आपल्या ओळीतलं एक घर उचलून घड्याळाच्या उलट दिशेने एकेक पेरत जायचं. टोकाच्या वाट्यांत पेरायचं नाही. शेवटची बी समोरच्याच्या घरात पडून तिथे 2 किंवा 3 झाल्या की त्या आपल्या, आणि त्या घराच्या लगत मागे, समोरच्याच्याच बाजूला, 2 किंवा 3 असतील तर त्याही. समजा, आपल्या उजवीकडून चौथ्या घरात पाच बिया आहेत आणि समोरच्याच्या पहिल्या दोन घरांत एक व दोन. पेरल्यावर तिथे दोन आणि तीन होतात, पाचही आपल्या. बारा किंवा जास्त बिया पेरताना ज्या घरातून उचलल्या ते घर वगळायचं. समोरच्याची ओळ रिकामी असेल तर त्याला बी मिळेल अशी चाल, शक्य असेल तोवर, करावीच लागते. 25 बिया झाल्या की जिंकलात. 2002 मध्ये अॅमस्टरडॅमच्या दोन संशोधकांनी संगणकावर हा खेळ पूर्ण सोडवला. दोघंही बिनचूक खेळले तर बरोबरी, 24-24.

'जुना, खेळलेला, दुरुस्त केलेला' या भावात पट जरूर घ्यावा, 'राजघराण्यातला' या भावात नाही. घानातून थेट आणत असाल तर तिथल्या म्युझियम्स अँड मॉन्युमेंट्स बोर्डाची निर्यात परवानगी आधी हातात घ्या, आणि बिया तिकडून आणू नका, विमानतळावर वनस्पती क्वारंटाइनमध्ये अडकतील. खेळायला बसताना पट जेवणाच्या टेबलावर मांडू नका. त्या उंचीवर मनगट वर उचलून बिया पेराव्या लागतात आणि दुसऱ्या डावाला खांदा दुखतो. जमिनीवर सतरंजी, दोघं पाटावर, मध्ये पट.