टर्नर आडनावासाठी केलेली डीएनए तपासणी: साडेबारा हजार रुपये, सात महिने आणि खापरपणजोबा

आधी निकाल सांगते. तपासणी चांगली आहे, ती विकणाऱ्यांची समजावून सांगण्याची पद्धत वाईट आहे. आडनावाचं मूळ शोधायला ती घेत असाल तर घ्या, पण निकालाचा अर्थ लावायची मेहनत स्वतः करावी लागेल हे धरून चाला. कंपनीचं नाव लिहीत नाही. मला तक्रार निवारण करायचं नाही, अनुभव सांगायचा आहे.

आमचं आडनाव टर्नर. जन्म नाशिकचा, शरणपूरचा. घरात मराठी, चर्चमध्ये मराठी, स्वप्नंही मराठीत. एकतीस वर्षं मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवलं आणि दर जूनमध्ये नव्या पालकांनी विचारलं, "बाई, तुम्ही अँग्लो-इंडियन का?" त्यावर घरातलं ठरलेलं उत्तर होतं. पप्पांचे पणजोबा देवळालीच्या छावणीतले गोरे सैनिक होते आणि त्यांनी इथल्या मुलीशी लग्न केलं. पप्पांचे केस बारीक कुरळे होते. आत्याचे तर असे की खोबरेल चोपडल्याशिवाय कंगवा शिरत नसे. आजी म्हणायची, साहेबाचे केस आहेत. आम्ही कुणी कधी शंका घेतली नाही.

निवृत्तीनंतर वेळ मिळाला आणि मी शोधायला बसले. आडनावाचा शोध डीएनएने लागतो याचं कारण सोपं आहे. आपल्याकडे आणि इंग्लंडमध्येही आडनाव बापाकडून मुलाकडे जातं. पुरुषांमधलं वाय गुणसूत्रही तसंच, बापाकडून मुलाकडे, जवळपास जसंच्या तसं जातं. अधूनमधून एखादा बारीक बदल होतो आणि त्याच बदलांवरून कोण कुणाचा किती जवळचा हे मोजता येतं. मला वाय नाही. म्हणून गालाच्या आतला नमुना दादाने द्यायचा होता.

दादा सातपूरला कारखान्यात होता, आता घरीच असतो. डबी आली तेव्हा म्हणाला, "सुमे, पोलीस तपास आहे का हा?" दोन काड्या, त्यांच्या टोकाला ब्रशसारखं काहीतरी, एकेक मिनिट गालाच्या आत घासायचं, मग बाटलीत सोडून झाकण लावायचं. त्याआधी तासभर काही खायचं-प्यायचं नाही. दादा तंबाखू खातो. वहिनी समोर बसून राहिली म्हणून तेवढा वेळ निघाला.

इथून त्रास सुरू झाला. कॅनडा कॉर्नरजवळच्या कुरिअरवाल्याने माणसाचा नमुना म्हटल्यावर पाकीट परत सरकवलं. दुसऱ्यानेही तेच केलं. शेवटी कंपनीला चार वेळा फोन केल्यावर त्यांनी मुंबईहून माणूस पाठवला. हे आधी सांगितलं असतं तर दोन आठवडे वाचले असते. तीन महिन्यांनी निरोप आला की नमुन्यात पुरेसं डीएनए नाही, पुन्हा द्या. दुसरी डबी फुकट आली हे खरं, पण आणखी तीन महिने गेले.

वाय तपासणी ३७ खुणांची, म्हणजे वायवरच्या ३७ ठिकाणांची, घेतली होती. तिचे साडेबारा हजार. कमी पैशांतली १२ खुणांची कुठे मिळालीच तर घेऊ नका, कारण पुढे सांगते.

निकाल आला. मी आर१बी या वायगटाची, म्हणजे एका फार जुन्या पूर्वजापासून आलेल्या पुरुषांच्या गटाची, वाट बघत होते, कारण इंग्लंडमधल्या बहुतेक पुरुषांचा वायगट तोच असतो. पानावर आलं ई-एम२, आणि खाली आफ्रिकेचा नकाशा. नकाशाखाली एकच ओळ होती: तुमचे पितृवंशीय पूर्वज हजारो वर्षांपूर्वी आफ्रिकेत राहत होते. माणूस म्हणून जगातल्या प्रत्येकाबद्दल हे वाक्य खरं आहे. साडेबारा हजारांत हे वाक्य? मी ग्राहक सेवेला लिहिलं. उत्तरात तेच वाक्य, फक्त "धन्यवाद" जोडून.

मग जुळणाऱ्या लोकांची यादी उघडली. १२ खुणांवर शेकडो माणसं जुळत होती, बहुतेक अमेरिकेतली, आणि त्यांत एक टर्नर! मी मध्यरात्री दादाला उठवून फोन केला. दुसऱ्या दिवशी शांतपणे बघितलं. २५ खुणांवर यादी पाचांवर आली आणि ३७ वर तो टर्नर नाहीसा झाला. १२ खुणा इतक्या थोड्या असतात की एकाच मोठ्या गटातली, हजारो वर्षं दुरावलेली माणसंही जुळतात. आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय कुटुंबांत ई-एम२ हा सर्वांत जास्त आढळणारा गट आहे. त्यांच्यातही इंग्रजी आडनावं आहेत, पुष्कळांची गुलामांच्या मालकांकडून आलेली. त्या माणसाचं आणि आमचं आडनाव एक, मूळ खंड एक, आणि तरी तो आमचा कुणी नाही. यादीत हे कुठेही समजावलेलं नव्हतं. स्वस्त तपासणी घेणारा माणूस तिथेच थांबतो आणि समुद्रापलीकडच्या परक्याला भाऊ समजून पत्र लिहितो.

टर्नर म्हणजे आपल्याकडचा कातारी, लाकूड फिरवत कातून वाट्या, पाट्या, खांब करणारा. इंग्रजी आडनावांत हा एक मोठा वर्गच आहे. स्मिथ लोहार, टेलर शिंपी, क्लार्क लिहिता-वाचता येणारा माणूस. आपल्या सुतार, सोनार, कुलकर्णींसारखंच. १०६६ च्या नॉर्मन स्वारीनंतर तिथे आडनावं हळूहळू रुजली आणि साधारण १४०० पर्यंत सामान्य माणसांतही वंशपरंपरेने चालू लागली. आता प्रत्येक गावात कातारी असणारच, म्हणून टर्नर एका माणसापासून सुरू झालेलं नाव नाही. लेस्टर विद्यापीठात ४० इंग्रजी आडनावांच्या १६७८ पुरुषांचं वाय तपासलं आणि तो अभ्यास २००९ मध्ये छापून आला. स्मिथसारख्या फार पसरलेल्या आडनावात दोन माणसं घेतली तर ती रस्त्यावरच्या कुठल्याही दोन माणसांइतकीच दूर निघाली. दुर्मिळ आडनावांत मात्र बहुसंख्य पुरुष एकाच पूर्वजाचे. त्याआधी, २००० मध्ये, यॉर्कशरच्या साइक्स आडनावाचे ४८ पुरुष तपासले तेव्हा जवळपास निम्म्यांचं वाय एकच निघालं होतं. म्हणजे तुमचं आडनाव दुर्मिळ असेल तर ही तपासणी बोलते. टर्नर, टेलर, क्लार्क असेल तर आडनावापुरती गप्प राहते.

या सगळ्यात मला धीर दिला तो २००७ च्या एका अभ्यासाने. यॉर्कशरमधल्या एका दुर्मिळ आडनावाचे १८ पुरुष तपासले, त्यांतल्या ७ जणांचं वाय पश्चिम आफ्रिकेत आढळणाऱ्या गटाचं निघालं. गोरी माणसं, पिढ्यान्‌पिढ्या तिथली, घरात आफ्रिकेची आठवणसुद्धा नाही. कधीकाळी आलेला एक माणूस, त्याचा रंग पिढीगणिक निम्मा निम्मा होत पुसला गेला आणि वाय तेवढं राहिलं. ते वाचताना पहिल्यांदा वाटलं की दादाचा निकाल चुकलेला नाही.

आणि मग मला स्वतःचाच राग आला. मी शरणपूरमध्ये वाढले. 'शरण' कुणाला, हे कधी विचारलंच नाही. चर्च मिशनरी सोसायटीने १८५० च्या दशकात हे गाव वसवलं, विल्यम सॉल्टर प्राइस यांच्या हातून. अरबी समुद्रात इंग्रजांच्या नौदलाने गुलामांची गलबतं पकडली की त्यांतली आफ्रिकन मुलं मुंबईला उतरवत आणि त्यांतली पुष्कळ इथे, नाशिकला, पाठवत. त्यांना शाळा होती, सुतारकाम-लोहारकाम शिकवत आणि बाप्तिस्मा देत. बाप्तिस्म्यात नाव मिळे. त्यांतलाच एक जेकब वेनराइट. वेनराइट म्हणजे गाड्या बनवणारा. त्याचा बाप आफ्रिकेत कुठे कोण होता, त्याचा या शब्दाशी काय संबंध! हा मुलगा नाशिकला शिकला आणि १८७२ मध्ये आफ्रिकेत शोधमोहिमा करणारे मिशनरी डॉक्टर लिव्हिंगस्टन यांच्या मदतीला आफ्रिकेत परत गेला. १८७३ च्या मे महिन्यात डॉक्टर वारले तेव्हा ज्या झाडाखाली त्यांचं हृदय पुरलं त्या झाडावर अक्षरं त्याने कोरली. पुढे तो पार्थिवासोबत इंग्लंडला गेला आणि १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला खांदा देणाऱ्यांत उभा राहिला. आपल्या नाशिकचा विद्यार्थी. एकतीस वर्षांत एकाही वर्गाला मी हे सांगितलं नाही, कारण मलाच माहीत नव्हतं. १८७४ मध्येच प्राइस आफ्रिकेत मोंबासाला गेले, तिथे सुटका झालेल्या गुलामांसाठी फ्रीरटाउन वसलं, आणि नाशिकची बरीच आफ्रिकन मंडळी तिकडे गेली. काही जण इथेच राहिले असणार. आमचा एक राहिला.

पाळकसाहेबांनी परवानगी दिली आणि मी लग्नाच्या जुन्या नोंदवह्या बघितल्या. हाताला रुमाल बांधून, एकेक पान. पणजोबांचं लग्न सापडलं, १८९८ चं. धंदा सुतार. बापाच्या रकान्यात योना टर्नर, तोही सुतार. म्हणजे माझे खापरपणजोबा. सुतारशाळेत कातकाम शिकला म्हणून कुणी टर्नर म्हटलं, की कुणा इंग्रजाचं नाव दिलं? दादाला पहिलं पटतं. तो स्वतः आयटीआयमधून टर्नर ट्रेड करून निघाला आहे आणि आयुष्यभर लेथवर उभा होता. मी त्याला नोंदवहीचा फोटो दाखवला तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग "हात बघू" म्हणाला आणि स्वतःचाच हात उलटा करून बघत बसला.

गुजरातमधल्या आणि कर्नाटकातल्या, मूळ आफ्रिकेतून आलेल्या सिद्दी समाजातही हेच वाय आढळतं. सिद्दी कोण आणि शरणपूरची आफ्रिकन मुलं कोण, यांत तपासणी फरक करत नाही. फरक नोंदवहीने केला.

याच कंपनीची दुसरी तपासणी मी स्वतःसाठी घेतली, लाळेची, सगळ्या गुणसूत्रांची. तिचे नऊ हजार. हिच्यात बापाकडची आणि आईकडची, दोन्हीकडची सगळी माणसं येतात, पण दर पिढीला निम्मी होत. खापरपणजोबांचा वाटा हिशोबाने सोळावा भाग, सव्वासहा टक्के. माझा आफ्रिकेचा आकडा आला ११. युरोपचा शून्य. गोरा सैनिक एका ओळीत संपला, आणि खरं सांगते, मला त्याच्यासाठी वाईट वाटलं. लहानपणी आम्ही त्याला बंदूक, टोपी, घोडा सगळं दिलं होतं.

पण ११ वर मी अडकले. सव्वासहा आणि ११. थोडं इकडेतिकडे होतं, मुलांना वाटण्या अगदी समान मिळत नाहीत, तरी हे जवळजवळ दुप्पट आहे. शरणपूरमध्ये मुलीही होत्या. योनाची बायको त्यांच्यातलीच असेल तर हिशोब बरोबर बसतो. नोंदवहीत तिचं नाव नाही, वधूवरांच्या आयांना रकानाच नव्हता. दादाच्या वाय तपासणीत ती येऊच शकत नाही. आडनावाच्या मागे लागले होते तेव्हा ती माझ्या ध्यानीमनी नव्हती. जी काही ती आहे ती माझ्या लाळेच्या बाटलीतून आली. म्हणून माझं स्पष्ट मत: एकच तपासणी परवडत असेल तर आडनाव असो नसो, सगळ्या गुणसूत्रांची घ्या. वाय त्यानंतर.

आणखी दोन गोष्टी. घेण्याआधी घरच्यांना विचारा. दादाचा निकाल हा त्याच्या मुलाचा, आमच्या चुलतभावांचा, त्यांच्या मुलांचाही निकाल आहे. मी चुलतभावाला नंतर सांगितलं आणि तो महिनाभर माझ्याशी बोलला नाही. त्याच्या मुलीचं लग्न ठरत होतं. त्याचा राग मला समजतो. दुसरं, इंग्रज पूर्वज शोधणाऱ्यांसाठी फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटीची नोंदींची यादी फुकट बघता येते. तिथे टर्नर ढिगाने आहेत, सैनिक, कारकून, गार्ड. ज्यांना खरोखर गोरा पणजोबा आहे त्यांना पैसे भरण्याआधी ती बघायला सांगेन. लंडनच्या जुन्या इंडिया ऑफिसच्या बाप्तिस्मा-लग्न-दफन नोंदींत मुंबई इलाख्याचा विभाग एन/३ या खुणेने ओळखला जातो, तेवढं लक्षात ठेवा.

गुण द्यायचे तर प्रयोगशाळेला पाचपैकी साडेचार, ग्राहक सेवेला एक, निकालाच्या पानाला दीड. ७०० खुणांची मोठी तपासणी घ्या म्हणून त्यांचे दर आठवड्याला मेल येतात. घेणार नाही.

आत्या चौऱ्याऐंशीची आहे, नाशिकरोडला असते. ती योनाच्या एक पिढी जवळ आहे, म्हणजे तिच्यात त्या दोघांचा वाटा माझ्यापेक्षा जास्त असणार. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे माझे केस त्या बाईचे." डबी गुरुवारी येते आहे. यावेळी कुरिअरचं आधीच ठरवून ठेवलं आहे.