कातडीखालची चरबी आणि पोटातली चरबी

२००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा फोटो छापून आला: पुण्याचे चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच, २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. वजनकाट्याला हा फरक कळतच नाही.

मांड्या-नितंबांवर कातडीखाली साठणारी चरबी तशी गुणी. जेवणानंतर इन्सुलिन वाढलं की रक्तातली जास्तीची स्निग्धाम्लं (चरबीचे सुटे घटक) स्वतःत साठवून गप्प बसते. ही जागा अपुरी पडली की उरलेली चरबी आत शिरते, आणि आपल्याकडचा खरा घोळ इथेच आहे. आतड्यांभोवतीची ही चरबी उतावळी. इन्सुलिन ‘थांब’ म्हणत असतानाही स्निग्धाम्लं सोडत राहते. त्यातली बरीच यकृताकडे जाणाऱ्या शिरेत उतरतात. यकृतात चरबी साचली की तेही इन्सुलिनला जुमानत नाही, रात्रभर साखर बनवत राहतं. म्हणून रात्री चतकोर भाकरी खाऊन झोपलेल्याचीही सकाळची उपाशीपोटीची साखर वाढून १३० येऊ शकते.

मला विचाराल तर काट्यापेक्षा शिंप्याची टेप बरी. भारतीय पुरुषाला ९० सेंटिमीटर, बाईला ८० ही कंबरेची मर्यादा. पँटचं माप नव्हे हं! पट्टा पोटाखाली बांधून ‘माझी कंबर चौतीसच’ म्हणणारे काका प्रत्येक घरात असतात.