चॉईस नंबरच्या पावतीवर गळ्यात मारलेली ‘दादा’ पाटी

नाशिकमध्ये नवी गाडी घेऊन नंबर ‘सजवायला’ निघालेल्यांसाठी हे लिहितोय. शालिमार भागातल्या एका रेडियम-स्टिकरच्या दुकानानं माझ्या भाच्याला चक्क गंडवलं. पैसे माझ्या खिशातून गेले, म्हणून जरा जास्तच झोंबलंय.

भाच्यानं मोटारसायकल घेतली आणि आरटीओत रीतसर फी भरून 4141 नंबर घेतला. यात बेकायदा काहीच नाही, पसंतीचा नंबर सरकारच फी घेऊन देतं. 4141 कशासाठी घेतात ते सांगायला नकोच. आकडे जरा वाकवले की ‘दादा’! 4912 चा ‘पवार’ आणि 8055 चा ‘बॉस’ होतो, तसंच.

दुकानदारानं नेमकी ती फीची पावती पकडली. “सरकारला एवढे पैसे मोजलेत ना भाऊ? मग नंबर तुमचा, कसा लिहायचा ते तुम्ही ठरवा. आपली पाटी आरटीओ पासिंग आहे, होलोग्रामसकट.” वर गोल शिक्का मारलेलं एक ‘पासिंग सर्टिफिकेट’ दिलं आणि 1,800 रुपये घेतले.

ऐकायला पटतं, आणि तिथंच माणूस अडकतो. फी असते ती नंबराची. तो वाटेल तसा लिहायची मुभा त्यात मिळत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधले नियम 50 आणि 51 चॉईस नंबरवाल्यालाही तेवढेच लागू. मोटारसायकलच्या मागच्या पाटीवर अक्षरं 35 मिलिमीटर उंच, आकडे 40. जाडी आणि मधलं अंतरसुद्धा ठरलेलं. 1 एप्रिल 2019 पासूनच्या नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी पाटी शोरूममधूनच बसवून मिळते. रेडियमवाला त्यावर ‘पासिंग’ करणार ते काय, कपाळ?

मुंबई नाक्यावर वाहतूक पोलिसांनी गाडी बाजूला घ्यायला लावली. भाच्यानं ते सर्टिफिकेट पुढे केलं. हवालदारसाहेबांनी ते वाचलंही नाही. पाटीवरचा होलोग्राम नखानं खरवडला, तर तो स्टिकरसारखा सोलून बोटाला चिकटला. खऱ्या पाटीवर अशोकचक्राचा होलोग्राम उष्णतेनं छापलेला असतो आणि ओळख क्रमांक लेसरनं कोरलेला. आमच्या पाटीवरचा क्रमांक साध्या शाईचा होता. 500 रुपयांचं चलन फाडलं, परत सापडलात तर 1,500 असंही सांगितलं.

दुकानात जाब विचारायला गेलो तर म्हणतो, “बिल वाचा काका.” बिलावर बारीक अक्षरात ‘डेकोरेटिव्ह आयटम, फक्त शोसाठी’. म्हणजे पाटी गाडीला ठोकली त्यानं, आणि रस्त्यावर नेली ती चूक आमची!

दंडापेक्षा मोठा घोळ मूळ पाटीचा झाला. ती काढताना त्यानं न उघडणारं लॉक तोडलं आणि पाटी स्वतःकडेच ठेवली. आता म्हणतो भंगारात गेली. अस्सल होलोग्रामची, आमच्या नंबराची पाटी बाहेर फिरतेय. ती उद्या चोरीच्या गाडीला लागली तर ई-चलनं आमच्या नावावर येणार. म्हणून पोलिसात पाटी गहाळ झाल्याची तक्रार दिली, तिची प्रत जोडून शोरूममार्फत नवी पाटी मागवली. दुकानदाराविरुद्ध ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार टाकलीय, ‘सर्टिफिकेट’ आणि बिलाचे फोटो लावून. तुमच्याकडेही असा शिक्क्याचा कागद असेल तर रागानं फाडू नका, तक्रारीला तोच उपयोगी पडतो.