आधी ‘जस्टिस’ घ्यावा की ‘ब्लॅक अल्बम’?

‘मास्टर ऑफ पपेट्स’ हा अल्बम पाठ झालाय आणि आता मेटालिका या अमेरिकन हेवी मेटल बँडची पुढची कुठली रेकॉर्ड घ्यायची या विचारात असाल, तर सामना दोघांतच आहे: 1988चा ‘...अँड जस्टिस फॉर ऑल’ आणि 1991चा, ज्याला सगळे ‘ब्लॅक अल्बम’ म्हणतात तो. जुन्या मेटलवाल्यांना विचाराल तर ते पहिल्याचंच नाव घेतील. ‘बँड विकला गेला तो ब्लॅक अल्बमला’ हे कॉलेजात मीही छातीठोकपणे सांगायचो.

‘जस्टिस’ची बाजू भक्कम आहे, यात वादच नाही. गाणी 9, वेळ 65 मिनिटं. एकट्या शीर्षकगीताला जवळपास 10 मिनिटं लागतात आणि त्यात मात्रांचे हिशेब इतके बदलतात की दहाव्यांदा ऐकतानाही काहीतरी नवीन सापडतं. ‘वन’ हळुवार सुरू होऊन शेवटी ड्रम्स आणि गिटार एकाच झटक्यात तुटून पडतात, ती जागा आजही अंगावर येते. गायक-गिटारवादक जेम्स हेटफिल्डचा उजवा हात इतका धारदार मी दुसरीकडे कुठे ऐकलेला नाही.

पण मी बास गिटार वाजवतो, आणि माझं घोडं तिथेच अडलं. बँडचा आधीचा बासवादक क्लिफ बर्टन 1986मध्ये स्वीडनमध्ये बसच्या अपघातात गेला. त्याच्या जागी आलेल्या जेसन न्यूस्टेडचा हा बँडबरोबरचा पहिला पूर्ण अल्बम, आणि त्यात त्याचा बास जवळजवळ ऐकूच येत नाही. ‘ब्लॅकन्ड’ बसवायचं म्हणून मी कॅसेट लावून, हेडफोन कानावर दाबून बसायचो. बासचं बटण पूर्ण फिरवलं की गिटारचा घुमारा वाढायचा, किक ड्रमची टकटक तशीच, बास मात्र नाही. त्याच गाण्याच्या श्रेयनामावलीत न्यूस्टेडचं नाव आहे. 2018च्या रिमास्टरमध्येही मूळ मिक्सला, म्हणजे वाद्यांच्या आवाजाच्या प्रमाणाला, हात लावला नाही, त्यामुळे नवी प्रत घेऊनही हा प्रश्न सुटत नाही. 2011मध्ये बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर मेटालिकाने ‘वन’ वाजवलं, तेव्हा न्यूस्टेडनंतरचा बासवादक रॉबर्ट ट्रुहिओचा बास छातीत घुमला आणि या गाण्यातून इतकी वर्षं काय हरवलं होतं ते कळलं.

‘ब्लॅक अल्बम’साठी त्यांनी निर्माता म्हणून बॉब रॉकला बोलावलं. मॉटली क्रू या ग्लॅम मेटल बँडचा ‘डॉ. फीलगुड’ अल्बम करणारा माणूस, म्हणून चाहते आधीच बिथरले होते. गाणी आटोपशीर झाली, वेग उतरला. ‘एंटर सँडमन’ साडेपाच मिनिटांचं, एका रिफभोवती, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या गिटारच्या तुकड्याभोवती, बांधलेलं. रेडिओला सोयीचं, हे मान्य. पण रिफ सावकाश झाला की दोन ठोक्यांच्या मधे जागा मिळते आणि बास तिथेच बसतो. ‘सॅड बट ट्रू’ ऐका: तार खाली उतरवलेली, प्रत्येक ठोका जमिनीतून आल्यासारखा. ‘माय फ्रेंड ऑफ मिझरी’ तर बासवरच उघडतं, आणि तिथल्या श्रेयातही न्यूस्टेड आहे. लोक ज्याला धंदेवाईकपणा म्हणतात, त्याच बदलामुळे बँडमधला चौथा माणूस मला पहिल्यांदा नीट ऐकू आला.

सगळंच जमलंय असं नाही. ‘होलियर दॅन दाऊ’ मला भरतीचं वाटतं. ‘नथिंग एल्स मॅटर्स’मधला संगीतकार मायकेल केमनने रचलेला वाद्यवृंद काहींना गोड लागेल, काहींना जड.

तुम्ही ड्रम्स किंवा ऱ्हिदम गिटार वाजवत असाल, किंवा लांबलचक, गुंतागुंतीची रचना हेच तुमचं मेटल असेल, तर ‘जस्टिस’ घ्या. माझा बासचा मुद्दा कदाचित तुम्हाला खटकणारही नाही. मी मात्र आधी ‘ब्लॅक अल्बम’ घेईन. माझ्याकडे आज दोन्ही आहेत. ‘जस्टिस’ वर्षातून एकदोनदा, मन लावून ऐकतो. ‘ब्लॅक अल्बम’ लावला की बास हातात घेतो आणि सोबत वाजवतो.