सात माणसे, एक लँकेस्टर : एका प्रिंटचे परीक्षण

दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बर विमानांची चित्रे बहुधा विमानांचीच असतात. सर्चलाइटच्या झोतात सापडलेले पंख, पेटलेले इंजिन, खाली जळणारे शहर असा देखावा ठरलेला, आणि माणसे काचेआडचे ठिपके. मी घेतलेल्या मर्यादित आवृत्तीच्या या प्रिंटमध्ये मात्र ब्रिटिश हवाई दलाचे एक लँकेस्टर बॉम्बर विमान मावळत्या उजेडात नुसते उभे आहे आणि उड्डाणाची वेळ होईपर्यंत त्याच्या सात जणांना कसाबसा वेळ काढायचा आहे.

वैमानिक कागदावर सही करतो आहे, दोघे सिगारेट ओढत आहेत, तर एक जण शेपटाखालच्या चाकापाशी पाठमोरा उभा आहे. हा चावटपणा नव्हे. निघण्यापूर्वी त्या चाकावर लघवी करणे हा अनेकांचा शकुनच होता. नजर खिळते ती मागच्या गनरवर. तो हातातल्या पॅराशूटकडे पाहतो आहे. त्याच्या अरुंद टरेटमध्ये, म्हणजे शेपटाच्या टोकाच्या फिरत्या मशीनगन-कक्षात, पॅराशूट मावत नसे, ते बाहेर विमानाच्या धडात ठेवावे लागे. म्हणजे विमान पेटल्यावर आधी मागचे दार उघडायचे, अंधारात ते चाचपून ओढून घ्यायचे, अंगावर अडकवायचे आणि मगच उडी. बॉम्बर कमांडच्या, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बर विभागाच्या, सुमारे १,२५,००० हवाई सैनिकांपैकी ५५,५७३ जण मारले गेले, आणि हे सारे स्वखुशीने या कामावर आलेले होते, हे आठवले की त्या हातावरून नजर हलत नाही.

लंडनच्या ग्रीन पार्कमध्ये २०१२ साली उभारलेल्या बॉम्बर कमांडच्या स्मारकात फिलिप जॅक्सन यांनी घडवलेले सात ब्राँझचे सैनिक मोहिमेवरून परतलेले आहेत. इथले सात अजून निघायचे आहेत, आणि मला हेच अधिक जड वाटते. मात्र त्या स्मारकावर १९३९ ते १९४५ च्या बॉम्बहल्ल्यांत मेलेल्या सर्व देशांच्या लोकांचेही स्मरण कोरले आहे. प्रिंटसोबतच्या माहितीपत्रकात त्यांच्याविषयी एक ओळही नाही, ही उणीव खटकते.

छपाई उत्तम आहे, फक्त विमानाच्या पोटाखालच्या सावलीत दोन आकृत्या जवळजवळ विरघळून गेल्या आहेत. खरी तक्रार विक्रेत्याबद्दल आहे. जाहिरातीत ‘माजी सैनिकांच्या सह्यांसह’ असे म्हटले होते. प्रत्यक्षात पेन्सिलीची सही एकट्या चित्रकाराची, आणि बाकीच्या सह्या चित्राबरोबरच छापलेल्या निघाल्या. विचारणा केल्यावर तळाच्या बारीक अक्षरांकडे बोट दाखवण्यात आले. अशा प्रिंटची किंमत बरीचशी त्या सह्यांवर ठरते, तेव्हा घेण्यापूर्वी त्या हाताने केलेल्या आहेत का, हे लेखी विचारून घ्यावे.

फ्रेमला साधी काच लावू नये. चित्र इतके गडद आहे की पहिला आठवडाभर गनरच्या जागी मला माझाच चेहरा दिसत होता. काच बदलल्यावर तो दिसू लागला.